‘मदत’ कोणती, ते सांगा

अन्याय झाला तो सोनगीरच्या आमच्या वस्तीतल्या बायकांवर. १९९१ सालच्या बुद्ध पौर्णिमेला, सकाळी साडेदहाच्या सुमाराला, विहाराच्या भिंतीवरचं फडकं ओढलं गेलं त्या क्षणी झाला. फडक्यामागे काळ्या दगडाची कोनशिला होती आणि तिच्यावर कोरलं होतं : ‘हे विहार जपानी बांधवांच्या मदतीने उभारण्यात आले.’

टाळ्या वाजल्या. वाचता न येणाऱ्या बायकांनीही वाजवल्या, आपल्या विहाराच्या दगडावर आपल्याबद्दलच काहीतरी असणार अशा भरवशानं. मग आमच्या शेजारच्या मोठ्या अक्कानं मला कोपरानं ढोसलं. ही वस्तीतली सगळ्यात म्हातारी बाई, आणि टाळी वाजवायच्या आधी कशासाठी ते विचारणारी बहुतेक एकटीच.

“काय लिखेल शे वं?”

मी वाचून दाखवलं.

“आनि आपलं?”

“आपलं काहीच नही.”

“बठ्ठं वाच ना पोरी. खाले काय शे?”

“खाले जागा सोडेल शे. जपानीसाठे.”

मागून कोणीतरी म्हणालं, “मंग आम्ही दोन वरीस काय देखाले येत व्हतूत?” तिकडे माईकवर आभार प्रदर्शन सुरू झालं होतं. आभार जपानचेच चालले होते.

आता खरं काय ते सांगते. ‘जपानी बांधव’ म्हणजे कोण? बांधव तर एकही नव्हता. एक बाई होती. साठी उलटलेली, बुटकी, भातशेती करणारी. आमच्याकडे ती दोनदा आली होती. पहिल्या वेळी तापानं फणफणून पडली आणि दुसऱ्या वेळी आमच्याबरोबर घमेली उचलली. बाकीचं सगळं, म्हणजे पाया, दगड, नाल्यातली वाळू, भिंती आणि सारवण, वस्तीतल्या बायकांनी केलं. वरच्या पत्र्यांपुरते पुरुष आले, तेही आम्ही शिडी धरली तेव्हा.

ते बांधकाम कसं झालं हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या वस्तीत थोडी जमीन असलेली काही घरं आहेत, बाकीची मजुरीवर. निंदणी असो की कापूस वेचणी, एकटीनं एक पट्टा उरकायचा तर हंगाम निघून जातो. म्हणून सावड करतात. आज सगळ्या तुझ्या शेतात, उद्या सगळ्या माझ्या. मजुरी कोणी देत नाही, मागत नाही. जिच्या शेतात काम, तिनं कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी आणि ठेचा आणायचा, एवढंच. जिच्याकडे जमीन नाही तिची सावड दुसऱ्या रीतीनं फेडली जाते : तिच्या घराची भिंत लिंपायची, तिच्या बाळंतपणात चूल सांभाळायची. दिवसाला दिवस. कोणी लिहून ठेवत नाही आणि कोणी विसरतही नाही. विहार याच रीतीनं उभं राहिलं. ज्या दिवशी एक बाई दगड आणायला जाई, त्या दिवशी तिचं निंदणीचं काम दुसरी करी. म्हणजे जी बाई त्या दिवशी विहाराकडे फिरकलीही नाही तीसुद्धा विहारच बांधत होती. असलं काम कोनशिलेवर कसं लिहायचं हे आमच्या विहार समितीच्या सचिव भाऊंना सुचलं नसेल, मान्य. पण म्हणून ते जपानला देऊन टाकायचं?

ती बाई, आमची जपानी अक्का, आली कशी, तेही सांगते. आधीच्या वर्षीच्या जानेवारीत अजिंठा बघून एक छोटी बस सांचीला निघाली होती. सोनगीरच्या अलीकडे हायवेवर ती बंद पडली. बसमधले सगळे जपानी, बौद्ध, तीर्थयात्रेला निघालेले. संध्याकाळपर्यंत दुसरी गाडी आली, पण या बाईला ताप चढला होता आणि तिला हलवू नका, असं धुळ्याहून बोलावलेल्या डॉक्टरांनी सांगितलं. वाटाड्या गोंधळला. कुठे ठेवायची? आमच्या घरी ठेवली. आईनं कोणाला विचारलंही नाही, खाटेवरची गोधडी झटकली आणि म्हणाली, “आना तिले आठे.”

मी तेव्हा धुळ्याच्या कॉलेजात शिकत होते. एसटीनं जाऊन येऊन. उरलेल्या वेळात शेतमजूर बायकांच्या संघटनेची पत्रकं लिहायची, सायक्लोस्टाइल करायची, बाजाराच्या दिवशी वाटायची. पत्रकाचं एक बरं असतं, एका कागदात मावेल तेवढंच बोलायचं आणि कोणी काय केलं ते पहिल्या ओळीत सांगायचं. हे मी एवढ्यासाठी सांगते की, पुढे मी जी भांडले ती त्याच सवयीनं.

घरात इंग्रजी येणारी मी एकटी. जपानी अक्काला इंग्रजीचे मोजके शब्द येत, आणि तिच्या पिशवीत एक खिशात मावणारा इंग्रजी-जपानी शब्दकोश होता. तिच्या तापाच्या दिवसांत आम्ही त्यावर बोललो. म्हणजे बोलायला लागलो आणि लगेच अडलो.

मी ‘कोल्ड’ शोधला तर दोन शब्द. पाणी गार आहे म्हणायचं तर ‘त्सुमेताइ’, पहाटे थंडी वाजते म्हणायचं तर ‘सामुइ’. ‘वॉटर’ काढला आणि तिला कढत पाणी दिलं तर तिनं डोकं हलवलं. साधं पाणी ‘मिझु’, तापवलेलं ‘ओयु’. जणू चुलीवर ठेवल्यावर ते पाणी राहतच नाही. कपड्यांचं तर विचारूच नका. अंगात घालायचं तो एक शब्द, पायातून चढवायचं तो दुसरा, डोक्यावर घ्यायचं तो तिसरा. इंग्रजी बिचारी एकाच शब्दावर भागवत होती.

मी मोठ्या अक्काला कौतुकानं हे सांगायला गेले.

“त्यामा काय?” अक्का म्हणाली. “लुगडं नेसतस, चोळी घालतस, पागोटं बांधतस. तुन्हा इंग्रज काय, लुगडं बी घालस का?”

“त्यांच्यात लुगडं नसतं, अक्का.”

“मंग त्यासले शब्द कसाले लागी?”

म्हणजे जपानी मला अवघड गेली नाही याचं कारण मी हुशार होते असं नाही. मधे इंग्रजी नसती तर आणखी सोपी गेली असती. जपानी अक्का वस्तू दाखवायची, मी अहिराणी शब्द सांगायची, ती जपानी. असं केलं की जोड्या पटापट जुळत. शब्दकोश उघडला की पुन्हा पाच-पाच शब्द रांगेत उभे, आणि त्यांच्या डोक्यावर एकच इंग्रजी टोपी.

ताप उतरल्यावर ती निघाली तेव्हा दारात उभी राहून कमरेत वाकली आणि म्हणाली, “ओसेवा नि नारिमाशिता.”

बायका हसायला लागल्या. “सेवा म्हने! हाई ते आपलंच बोली ऱ्हायनी!”

आपलं नव्हतं ते. तुमच्या हाती मला सांभाळून घेतलं गेलं, असा काहीसा त्याचा अर्थ. पण त्या दिवशी बायकांना तो आपलाच वाटला आणि मी काही दुरुस्त करत बसले नाही. गाडी हलल्यावरही ती मागच्या काचेतून वाकत होती.

घरी पोचल्यावर तिनं मला लहान मुलांचं अक्षरओळखीचं पुस्तक आणि तसलाच एक शब्दकोश पोस्टानं पाठवला. मी रोज धुळ्याच्या एसटीत ती अक्षरं गिरवायची. शेजारचे प्रवासी विचारायचे, “ताई, रांगोळीचा क्लास लावला का?”

पुढच्या हिवाळ्यात ती एकटी परत आली. कोणाबरोबर नाही, कुठल्या संस्थेकडून नाही. आल्याच्या दुसऱ्या दिवशी आईच्या मागोमाग शेतात गेली, कापूस ठेवायची ओटी कमरेला बांधली आणि वेचायला लागली. वेचणी नव्हती त्या दिवशी विहारावर दगड. जेवायला आमच्यात. ठेच्याला पहिल्या दिवशी ती घाबरली, चौथ्या-पाचव्या दिवशी मागून घ्यायला लागली. मधूनच आईकडे बघून ती बोटं दुमडायची, काहीतरी हिशेब करायची आणि मान हलवायची. आम्हाला वाटलं, घरी परतायचे दिवस मोजते आहे.

एवढाच जपानचा संबंध. आता परत या बुद्ध पौर्णिमेला.

कार्यक्रम उरकला, खीर वाटून झाली, तशी मी सचिव भाऊंना गाठलं. माणूस वाईट नाही. आमच्याच वस्तीतला, विहाराच्या जागेसाठी त्यानं चपला झिजवल्या होत्या. पण त्याला मोठ्या नावांची हौस.

“भाऊ, हे काय लिहिलंय?”

“का, जपानी हा शब्द चुकला का?”

“मदत हा शब्द चुकलाय.”

“अगं, त्या बाईनं मदत केली की नाही? सांग, केली ना?”

“केली.”

“झालं तर मग. हे बघ ताई, हायवेवरून रोज हजार गाड्या जातात. सावित्रीच्या लेकींनी बांधलं म्हटलं तर कोण ब्रेक मारतो? जपान म्हटलं की मारतो. आणि हिवाळ्यात त्या परत यायच्या आहेत. त्याच्या आत तू ते खाली जपानीत लिहून दे. तेच वाक्य. तुलाच येतं.”

“तेच वाक्य जपानीत होत नाही.”

“का?”

“कोणती मदत, ते सांगा आधी.”

भाऊ माझ्याकडे असे बघायला लागले, जणू खीर माझ्या डोक्यात गेली होती.

पण मी खरंच अडले होते. त्या संध्याकाळी ओट्यावर बायका जमल्या आणि मी शब्दकोशात ‘हेल्प’ काढून त्यांच्यापुढे ठेवला. चार शब्द होते, आणि चारही मी जपानी अक्काच्या तोंडून किंवा तिच्या पत्रांतून ओळखत होते.

पहिला ‘तासुकेरु’. वाचवणं. गेल्या हिवाळ्यात आमची शेळी नाल्याच्या डोहात घसरली तेव्हा जपानी अक्का काठावरून ओरडत होती, “तासुकेते! तासुकेते!” बुडणाऱ्याला काढायचं तर हा शब्द.

“म्हंजे आम्ही बुडी ऱ्हायनूत आनि जपाननी आम्हले काढं?” एकीनं विचारलं.

“हो.”

“खोड त्याले.”

“थांब वं,” मोठी अक्का म्हणाली. “ताप कोनाले आयेल व्हता? तिले का आपले? वाचाडाना शब्द टाकना व्हई ते आपलं नाव आगोदर लिख. ‘वस्तीवाल्यासनी जपानले वाचाडं.’ मारू दे गाड्यासले ब्रेक!”

ओटा हसून हसून हलला. मी तो शब्द खोडला.

दुसरा ‘एन्जो’. सरकारनं दुष्काळात धान्य पाठवावं, मोठ्या देशानं छोट्या देशाला पैसे द्यावेत, तसली मदत. वरून खाली येणारी. भाऊंच्या मनातला शब्द हाच होता, याची मला खात्री होती. बायकांना समजावून सांगायलाही वेळ लागला नाही. घमेली उचलणारी ती बुटकी बाई आणि हा शब्द एकमेकांशेजारी उभे राहीनात. तोही गेला.

तिसरा तो सेवेसारखा ऐकू येणारा. त्यात सांभाळ आहे, काळजी आहे, दुसऱ्याचा भार घेणं आहे. आई लगेच म्हणाली, तो तिनं आपल्याला वापरला होता, आपण तिला कसा वापरायचा?

उरला ‘तेत्सुदाउ’. हात लावणं. काम तुमचं आहे, मी बाजूला बसून थोडं करते. कापूस वेचायला आईशेजारी बसताना ती हाच शब्द म्हणायची. मला तो पटला. काम आमचं, हात तिचा. मी म्हटलं, हाच लिहू.

पण मग माझं डोकं फिरलं, कारण मराठी ओळ तशीच राहणार होती. खाली जपानीत ‘हात लावला’ आणि वर मराठीत ‘मदतीने उभारण्यात आले’. जपानी वाचणारा वर्षातून एखादा यायचा, मराठी वाचणारी सगळी दुनिया. मी त्याच रात्री पत्रक लिहायला घेतलं. मथळा टाकला : ‘आमच्या विहाराशी जपानचा काडीचाही संबंध नाही!’ मोठ्यानं वाचून बघितलं, मस्त ठणठणीत वाटलं.

आई भाकरी थापत होती. हात थांबवून म्हणाली, “काडीना? तिनी घमेलं उचलेल शे ना वं?”

“आई, मुद्दा तो नाही.”

“मंग कोनता शे? भाऊनी आपले खोडं, म्हनीसन तू तिले खोडशी? तशी खोड. भाकर भेटाव नही.”

पत्रक तिथेच राहिलं. खरं सांगायचं तर मला रागही आला आणि बरंही वाटलं. रागावलेल्या माणसाला कोणीतरी बरोबर ठिकाणी अडवावं लागतं, आणि आमच्या घरात त्यासाठी लांब जावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईला ‘तेत्सुदाउ’ पुन्हा समजावून सांगितला. तिनं नीट ऐकून घेतलं आणि नाही म्हणाली.

“का?”

“हात ते पाव्हनी बी लावस. ती पाव्हनी नव्हती. ती सावड फेडाले आयेल व्हती.”

जपानी अक्का बोटं दुमडायची ते आईला कधीच कळलं होतं. ती खाटेवर पडून होती तेवढे दिवस आईची वेचणी बाकीच्यांनी केली होती, आई तिच्या उशाशी बसली होती. म्हणजे ती नकळत आमच्या सावडीत आली होती. ते दिवस परत करायला ती समुद्र ओलांडून आली होती, आणि फेडून झाल्यावरही आणखी राबली, म्हणजे आता देणं आमच्याकडे होतं. आईच्या हिशेबात यात मदत कुठेच नव्हती.

“आई, तिनं तसं म्हटलं का?”

“म्हनाले कसाले लागस? वेचस कशी ते देखं ना मी.”

आता मला ‘सावड’ला जपानी शब्द हवा होता. इंग्रजीतून जायचा रस्ता बंद, कारण सावडीला इंग्रजीत काय म्हणायचं? धुळ्याच्या वाचनालयात मोठे शब्दकोश उलटेपालटे केले. फिरून फिरून ‘हेल्प’. कॉलेजातल्या इंग्रजीच्या सरांनी मनापासून विचार केला आणि ‘म्युच्युअल हेल्प’ म्हणाले, म्हणजे त्याच टोपीला एक तुरा. मी जपानी अक्काला पत्र लिहिलं, पण माझ्या मोडक्या जपानीत सावड काही मावेना. तिचं उत्तर आलं ते हवापाण्याचं, आणि डिसेंबरात सुनेला घेऊन येते असं.

सचिव भाऊ मधून मधून आठवण करत होते. “ताई, पाथरवट विचारतोय.” मी म्हणायची, “थांबू दे. चुकीचं कोरलं तर तुम्ही पुसणार का?” दगडाचा खालचा भाग पावसाळाभर कोरा राहिला.

डिसेंबरात ती आली. सून शहरात वाढलेली, चांगलं इंग्रजी बोलणारी, हसरी. मला वाटलं, सुटले. पहिल्याच दिवशी मी सुनेला इंग्रजीतून सावड समजावली. तिनं सासूला जपानीतून सांगितली. सासूनं मान डोलावली आणि उत्तर दिलं. सुनेनं माझ्याकडे वळून ते मला इंग्रजीत दिलं : हेल्प.

मी कपाळावर हात मारला.

मोठी अक्का बाजूला बसून दात कोरत होती. म्हणाली, “तोंड बंद करा दोन्ही जनी. तिले वावरमा आना.”

दुसऱ्या दिवशी आईच्या पट्ट्यात वेचणी होती. सगळ्या ओट्या बांधून तयार. आईनं जपानी अक्काला बांधावर बसवलं, म्हणाली, “देख आते.” आणि मग आमच्या बायकांनी जे केलं ते मी अजून कुठल्या पथनाट्यात बघितलेलं नाही, आणि पथनाट्यं मी पुष्कळ केली.

सगळ्या मिळून आईच्या पट्ट्यात शिरल्या आणि कापूस वेचला. थोड्या वेळानं आईनं हात वर केला, सगळ्या थांबल्या. आईनं एकेकीपुढे रिकामा तळवा धरला, मजुरी नाही असं दाखवलं, आणि कोणीच काही मागितलं नाही. मग बांध ओलांडून सगळ्या मोठ्या अक्काच्या पट्ट्यात गेल्या. आता आई सगळ्यात पुढे. पुन्हा वेचणी, पुन्हा रिकामा तळवा.

जपानी अक्का म्हणाली, “तेत्सुदाउ?”

आईनं मान हलवली. नाही.

ती विचारात पडली. दुसरा एक शब्द म्हणाली. सुनेनं सांगितलं, त्याचा अर्थ उपकाराची फेड. मी तो आईला सांगितला. आई वैतागली. “उपकार कोनी करा?” मग तिनं जपानी अक्काचा हात धरला, तिला बांधावरून उठवलं, अक्काच्या ओळीत आपल्या शेजारी उभं केलं. तिच्या छातीवर बोट टेकवलं, आपल्या छातीवर टेकवलं, आणि आमच्या घराकडे दाखवून खाटेवर पडल्यासारखी मान कलती करून डोळे मिटले. मग पुन्हा शेताकडे हात. ते दिवस आणि हे दिवस.

जपानी अक्का एकदम मोठ्यानं ओरडली. पाखरं उडाली.

“युइ!”

आणि मग थांबेचना. सून तिच्या मागे धावत भाषांतर करत होती आणि अर्ध्यात हरत होती, कारण हा शब्द सुनेनंही कधी वापरलेला नव्हता. तिच्या सासूच्या गावात भाताची लावणी अशी व्हायची. घरावरचं गवती छप्पर असं बदलायचे, आज याचं, पुढल्या साली त्याचं. फेडायला त्यांच्याकडे वेगळा शब्द होता, ‘युइगाएशि’. आता यंत्रं आली, तरुण पोरं शहरात गेली, म्हाताऱ्यांच्या तोंडी उरलाय. तिनं डोक्याचा टॉवेल सोडला, त्याचं टोक आईच्या ओटीच्या टोकाला घट्ट बांधलं आणि ती गाठ वर धरून सगळ्यांना दाखवली. ‘युइ’ म्हणजे बांधणं.

“हां!” आई म्हणाली. “सावड!”

“सावडो,” जपानी अक्का म्हणाली.

“सावड, सावड.”

“सावडो!”

मी सुनेला विचारलं, हा शब्द तुमच्या शब्दकोशात आहे का? तिनं चाळून बघितलं. छोट्या कोशात नव्हता. तिला इंग्रजीत काय म्हणशील विचारलं तर ती तोंड उघडून थांबली आणि खो खो हसत सुटली. मीही. त्या दिवशी आईच्या पट्ट्यातला कापूस निम्मादेखील निघाला नाही आणि कोणाला त्याचं काही वाटलं नाही.

संध्याकाळी आम्ही सचिव भाऊंकडे गेलो. आम्ही म्हणजे वस्तीतल्या सगळ्या, जपानी अक्कासकट. शब्द मिळाला, मी सांगितलं, पण तो एकटा खाली बसणार नाही. वरची ओळ काढायची.

“सावड?” भाऊ म्हणाले. “कोणाला कळणार, ताई?”

“ज्यांनी बांधलं त्यांना कळेल. इथल्या प्रत्येक खेड्यात कळेल. ‘उभारण्यात आले’ तरी कोणाला कळतं? कोणी उभारलं ते कळतं का त्यात?”

भाऊंनी जपानी अक्काकडे बघितलं. त्यांना वाटलं असावं, निदान या बाईला तरी वाईट वाटेल. मी तिला जपानीत सांगितलं, दगडावर आमच्या बायकांचं लिहू आणि खाली तुझी वेगळी ओळ घालू. तिनं दोन्ही हात जोरजोरात हलवले. वेगळी नको. युइमध्ये एकीला वेगळी मोजत नाहीत, असं ती म्हणाली. हे मी भाऊंना मराठीत सांगितलं तेव्हा ते खाली बघत हसले.

“कोरलेलं खोडता येत नाही,” एवढंच ते म्हणाले.

पाथरवटाला बोलावलं. तो म्हणाला, खोडता येत नाही, पण दगडाला दोन बाजू असतात. पहारीनं कोनशिला सुटी केली, उलटी केली. तिची पाठ घासून गुळगुळीत केली. बायकांची नावं घालायची का यावर एक दिवस वाद झाला. मोठी अक्का म्हणाली, “नावं टाकश्यात ते पहिलं कोनतं यावर इहार पडी.” नावं राहिली. पाथरवटानं नवी ओळ कोरली : ‘हे विहार आम्ही बायांनी सावडीने बांधले.’ खाली जपानी अक्कानं कोळशानं मोठं अक्षर काढून दिलं, ‘युइ’चं, आणि त्यानं तेही कोरलं. एवढं वाकडंतिकडं अक्षर आयुष्यात कोरलं नाही म्हणाला, पण पुसून दोनदा हात फिरवला. दगड परत बसवताना भाऊंनी एका बाजूनं खांदा दिला. ‘मदत’ आता भिंतीच्या आत, चुन्यात आहे.

त्या हिवाळ्यात आम्ही आमची सावड फेडली नाही. कशी फेडणार? भाताची लावणी तिकडे. जपानी अक्का म्हणाली, राहू दे, बाकी असली की माणूस परत येतो. ती त्यानंतरही आली. मी अजून जपानी शिकते आहे, आता शब्द निवडताना शब्दकोश शेवटी उघडते. आधी विचारते : कोणी केलं, कोणाच्या शेतात, कोण कोणाच्या शेजारी बसलं होतं.

भाऊंचं म्हणणं मात्र अगदीच खोटं नव्हतं. हायवेवरचे लोक आजही आमच्या विहाराला ‘जपानी विहार’ म्हणतात. ज्या बाईनं दगड वाहिला तिलाच थांबवून विचारतात, “जपान्यांनी बांधलेलं ते कुठेय हो?” आणि ती रस्ता दाखवते, कारण उन्हात उभ्या माणसाशी भांडायचं नसतं. मी भांडते.

म्हणून तुम्हाला, हे वाचणाऱ्याला, सरळ सांगते. तुमच्या गावात शाळा असेल, विहीर असेल, समाजमंदिर असेल, रस्त्याचा पूल असेल. त्यावर ‘यांच्या सहकार्याने’, ‘यांच्या मदतीने’ असं कोरलेलं असेल. जा आणि वाचा. मग जवळच्या घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा, दगड कोणी वाहिले. तिनं सांगितलेलं आणि कोरलेलं जुळत नसेल तर पंचायतीत उभे राहा आणि पाटी बदलून मागा. ‘मदतच तर लिहिलंय, काय बिघडलं’ असं कोणी म्हणालं तर त्याला तिथल्या तिथे विचारा, कोणती मदत. उत्तर मिळाल्याशिवाय खाली बसू नका.